दगड आपला, मग हिशेब कुठंय?

चिखल्याचं मँगनीज कुणी पेरलेलं नाही. समुद्रतळाचा गाळ जमिनीखाली दबला, उष्णतेनं भाजला, त्याला शंभर कोटी वर्षं झाली. धान दरवर्षी येतं, हा दगड एकदाच निघतो. आधी इंग्रज कंपनीनं नेला, १९६२ नंतर मॉईल नेते. पोलादासाठी तो लागतो, मान्य. पण ढिगारे, धूळ आणि ट्रक गावाच्या वाट्याला.

म्हणूनच २०१५ मध्ये कायदा बदलला. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीशिवाय तिच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. ती खाणबाधित लोकांसाठी आणि भागासाठी आहे. उपकार नव्हेत, हक्क आहे.

कुणी म्हणेल, "जिल्ह्यात खर्च झाला ना!" अहो, भंडाऱ्यात रस्ता चकचकीत झाला म्हणून चिखल्याच्या कामगाराची तपासणी होते का? मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं पोटात-छातीत गेली तर मज्जासंस्था बिघडते, हे वैद्यकशास्त्राला केव्हाचं ठाऊक आहे.

पुढच्या ग्रामसभेत एकच ठराव घ्या: आपल्या खाणीचे किती जमा झाले, आपल्या गावावर किती खर्चले, हे दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. दगड संपल्यावर हिशेब मागायचा कुणाला?