तेलाचा सुगंध साऱ्या घरात दरवळावा

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका बैठकीत सहज विषय निघाला. मुंबईसारख्या महानगराच्या सिंफनी वाद्यवृंदाला शासनाने व महापालिकेने आर्थिक साहाय्य द्यावे काय? आम्ही 'द्यावे' असे म्हणताच एक सुशिक्षित गृहस्थ तडकून उद्गारले, "फादर, रुग्णालयांत खाटा नाहीत आणि तुम्हांला बीथोवनची चिंता!" बैठकीत टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांना उत्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हा आक्षेप नवा नाही. बेथानीच्या घरी मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले, तेव्हा यहूदा इस्कार्योतानेही हाच हिशेब मांडला होता : हे तेल तीनशे दीनारांना विकून तो पैसा गरिबांना का दिला नाही? आमच्या स्नेह्यांना यहूदाच्या पंक्तीस बसविण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचा कळवळा खरा आहे. परंतु कलेला नाकारलेला पैसा आपोआप गरिबाच्या झोळीत पडतो, हा त्यांचा समज मात्र खरा नाही. आजवर या शहराने सिंफनीवर करदात्यांचा पैसा उधळल्याचे आम्हांस तरी ठाऊक नाही. मग त्या बचतीतून किती खाटा वाढल्या?

दुसरा आक्षेप बाजारपेठेच्या भक्तांचा. ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी तिकीट काढावे, असे ते म्हणतात. विल्यम बॉमॉल व विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली याचा सांगोपांग विचार केला. यंत्रे आली आणि कापडगिरणीतील एक कामगार पूर्वीच्या दहांचे काम करू लागला. त्याचे वेतन वाढले तरी कापड महागले नाही. परंतु १८२४ साली प्रथम सादर झालेल्या बीथोवनच्या नवव्या सिंफनीला आजही तेवढेच वादक लागतात आणि सत्तरएक मिनिटे लागतात. वादकाचे वेतन इतरांबरोबर वाढणार, काम मात्र 'जलद' होणार नाही. म्हणून तिकिटांच्या बळावर वाद्यवृंद जगत नाही. धनिकांच्या देणग्यांनी समृद्ध असलेल्या अमेरिकेतही फिलाडेल्फियाच्या नामांकित वाद्यवृंदाला २०११ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. उलट बर्लिनच्या फिलहार्मोनिकला तेथील राज्य दरवर्षी अनुदान देते आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही.

आता मुंबईकडे वळू. १९३५ साली मेहली मेहता यांनी येथे बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे ते परदेशी गेले आणि त्यांचे पुत्र झुबिन जगाचे झाले. १९५८ साली माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनी-रचना सादर केल्या. त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले. तो उपक्रमही स्थायी संस्था होऊ शकला नाही. वादकांची वाण होती काय? मुळीच नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मेस्त्रीच्या छडीखाली सोल्फेज शिकलेली मुले शतकानुशतके तयार होत होती. त्यांना पोसले ते हिंदी चित्रपटसृष्टीने. तिच्या ध्वनिमुद्रणगृहांतील व्हायोलिनांच्या रांगा म्हणजे या शहराचा खरा, पण अनामिक सिंफनी वाद्यवृंद होता. पुढे सिंथेसायझर आला, रांगा विरळ झाल्या आणि बाजारपेठेने त्या माणसांना निरोप दिला. त्यांना सावरून घेईल, त्यांची विद्या पुढच्या पिढीला देववील, अशी सार्वजनिक संस्था नव्हती.

फळ समोर आहे. २००६ साली एनसीपीएने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. मुख्यतः देणगीदारांच्या व प्रायोजकांच्या बळावर तो चालतो, आणि त्याचा दर्जा निर्विवाद आहे. परंतु हंगाम आला की संच पुरा करण्यासाठी परदेशांतून वादक बोलवावे लागतात. ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या वादक पोसले, त्यावर ही वेळ यावी, याचा दोष त्या वाद्यवृंदाचा नव्हे. तो आपणा सर्वांचा आहे.

कोणी म्हणेल, हे संगीतच परके. पेटीही परकीच होती! आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी घातली. तरी कीर्तन आणि नाट्यसंगीत तिच्याविना कल्पिता येत नाही. वाद्य कोठे जन्मले यापेक्षा ते कोणाच्या हाती आले, हे महत्त्वाचे. कालिंपाँग येथे फादर एडवर्ड मॅग्वायर या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९९३ साली गांधी आश्रम शाळा सुरू केली आणि गरीब घरांतील मुलांच्या हाती व्हायोलिन दिले. त्या मुलांना ते परके वाटले नाही.

एक भय मात्र आम्हांसही वाटते. सरकारचा पैसा आला की सरकारची छायाही येते. व्हेनेझुएलात होसे अँतोनिओ आब्रेऊ यांनी १९७५ पासून शासनाच्या पैशाने गरीब वस्त्यांतून वाद्यवृंदांचे जाळे विणले; परंतु पुढे तेच जाळे सत्तेच्या मिरवणुकीचे साधन झाल्याची टीका झाली. २०१७ च्या निदर्शनांत त्याच परंपरेत वाढलेला अठरा वर्षांचा एक व्हायोलावादक ठार झाला. म्हणून अनुदान हवे. पण ते स्वायत्त मंडळामार्फत, जाहीर हिशेबासह, आणि मंत्र्यांच्या वाढदिवसापासून दूर.

शुभवर्तमानकार योहान एक गोष्ट आवर्जून नोंदवितो : त्या तेलाचा सुगंध साऱ्या घरात दरवळला. आमच्या मते सार्वजनिक पैशाची हीच कसोटी. नरिमन पॉइंटच्या वातानुकूलित सभागृहातच सुगंध कोंडून राहणार असेल, तर आमच्या स्नेह्यांच्या टाळ्यांत आम्हीही सामील होऊ. म्हणून आमची मागणी अशी की अनुदानाचा मोठा वाटा व्यासपीठाला नव्हे, वर्गाला मिळावा. पालिकेच्या व अनुदानित शाळांतील मुलांना वाद्ये उसनी द्यावीत. त्यांना शिकविणाऱ्या वादकांना कायमचे वेतन द्यावे. आणि वाद्यवृंदाने धारावी, गोवंडी, नालासोपारा येथेही विनामूल्य वाजवावे.

आणि वाचकहो, दुसऱ्याकडे बोट दाखविताना स्वतःचे घरही पाहू. किती धर्मग्रामांत आज संगीतशिक्षक आहे? आम्ही स्वतः दहा वर्षांपूर्वी वृद्ध व्हायोलिनवादकाच्या जागी कीबोर्ड आणला. बटन दाबले की ताल तयार. खर्च वाचला. त्या वाचलेल्या पैशाचे काय झाले, हे आम्हांस आज सांगता येत नाही. मात्र आमच्या गायनवृंदातील एकाही मुलाला आता स्वरलिपी वाचता येत नाही, हे आम्ही जाणतो.

रुग्णालयात खाटा हव्यातच, आणि त्यासाठी भांडणाऱ्यांत आम्ही पुढे असू. पण खाटेवरून बरे होऊन उठलेल्या मुलाच्या हाती आपण काय देणार, हेही कोणी तरी विचारले पाहिजे.