'बोर्ड गेलाय' म्हणजे नक्की काय गेलंय?

मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य कुठलं असेल, तर ते "बोर्ड गेलाय". कॉल चालू असताना स्क्रीन काळी पडते? बोर्ड गेलाय. पलीकडच्याला आवाज ऐकू जात नाही? बोर्ड. होकायंत्र भलतीकडेच उत्तर दाखवतंय? "बोर्डावरच असतं ते सगळं, साहेब."

माझं म्हणणं साधं आहे आणि आज ते जरा चिडूनच मांडणार आहे. हे निदान नव्हे. निदान करायचा कंटाळा आल्यावर वापरायची ही सबब आहे. आणि ती टपरीवजा दुकानातला पोरगाच वापरतो असं समजू नका. काचेच्या दारामागे एसीत बसून टोकन नंबर पुकारणारे अधिकृत सर्व्हिस सेंटरवाले ती जास्त सफाईने वापरतात, कारण त्यांच्याकडे ती छापील कागदावर येते.

उदाहरण घरचंच देतो. आमची आत्या विश्रामबागेत राहते. तिचा फोन कानाला लावला की स्क्रीन बंद व्हायची (ते बरोबरच आहे), पण कानापासून लांब धरला तरी ती उजळायची नाही. कॉल कट करता येईना, आणि "मराठीसाठी दोन दाबा" म्हटल्यावर दोन दाबता येईना. ती बिचारी रिक्षा करून सेंटरला गेली. तिथे सांगितलं, "काकू, सेन्सर मदरबोर्डवर असतो. बोर्ड बदलावा लागेल, आठ हजार चारशे. त्यापेक्षा नवीनच घ्या की, एक्स्चेंज ऑफर चालू आहे." तेरा हजारांचा फोन! त्या मुलाने तो उघडला नव्हता, तपासला नव्हता. नुसता हातात धरून उलटसुलट करून पाहिला होता. आदल्याच आठवड्यात आत्याने शंभर रुपयांची नवी टफन ग्लास लावून घेतली होती आणि तिची काळी किनार बरोबर सेन्सरवर आली होती. ती काच सोलून काढली, फोन ठीक.

आता हा सेन्सर काय करतो ते एकदा समजून घेतलं, तर आठ हजार चारशेचा आकडा किती विनोदी आहे ते कळेल. इअरपीसच्या शेजारी एक बारीकसा दिवा असतो. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो, टीव्हीचा रिमोट फेकतो तसाच. शेजारीच तो प्रकाश टिपणारा कण असतो. समोर कान आला की प्रकाश आपटून परत येतो, फोन समजतो की माणूस बोलतोय, आणि गालाने बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून स्क्रीन बंद करतो. बस्, एवढंच. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून अंधारात त्या जागी पाहिलंत तर बऱ्याचदा जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. म्हणजे दिवा जिवंत आहे हे आत्यालाही घरबसल्या कळू शकतं.

मग तो चुकतो कधी? वर काच किंवा फिल्म आली, तेल-पावडर-घामाचा थर बसला, तर प्रकाश तिथेच आपटून परत येतो आणि फोनला वाटतं की कान चिकटलेलाच आहे. किंवा कुणीतरी फोल्डर (म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र, दुकानात त्याला फोल्डर म्हणतात) बदलताना सेन्सरभोवतीचं इवलंसं काळं रबर परत बसवायचं विसरतो. मग प्रकाश काचेच्या आतल्या आतच फिरून सेन्सरवर येतो. रबर! त्यासाठी बोर्ड?

आणखी गंमत म्हणजे काही फोनांत हा सेन्सर मुळी नसतोच. २०१६ च्या मी मिक्सपासून काही कंपन्यांनी तो भाग काढून टाकला. इअरपीसमधून कानाला न ऐकू येणारा आवाज सोडायचा, तो कानावर आपटून माईकमध्ये परत आला की अंतराचा अंदाज बांधायचा, वटवाघळासारखं. अशा फोनात माईकच्या भोकात कचरा गेला तरी स्क्रीन वेडी होऊ शकते. असा फोन घेऊन "सेन्सर बदला" म्हणत गेलात तर बदलायला सेन्सरच नाही, आणि तरीही कुणीतरी तो बदलल्याचे पैसे लावेल अशी मला खात्री आहे :-)

मुद्दा असा की हे तपासायला कंपन्यांनी स्वतःच सोय करून ठेवलेली असते. सॅमसंगच्या बहुतेक फोनांत डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की चाचणीचं पान उघडतं. शाओमीच्या बऱ्याच फोनांत *#*#६४८४#*#* दाबलं की तसंच. त्यात सेन्सरच्या पानावर जाऊन हात जवळ-लांब केला की आकडा बदलताना दिसतो. बदलला तर भाग जिवंत आहे, दोष दुसरीकडे शोधा. दोन मिनिटांचं काम. ही चाचणी कारखान्यात होते, सेंटरच्या माणसालाही माहीत असते. फोन घेऊन आलेल्या माणसालाच तेवढी कुणी दाखवत नाही.

होकायंत्राचंही असंच. गाडीत मोबाईल चिकटवायचा चुंबकवाला होल्डर आणि लोहचुंबकाचं झाकण असलेलं फ्लिप कव्हर, हे दोन शत्रू. कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, बहुतेक वेळा उत्तर दिशा जागेवर येते. फ्लिप कव्हर मिटल्यावर स्क्रीन झोपवणारा हॉल सेन्सरही चुंबकच ओळखतो. म्हणून स्वस्तातल्या, भलत्या जागी चुंबक असलेल्या कव्हरमुळे फोन मधूनच आपोआप बंद-चालू होतो. "डिस्प्लेची स्ट्रिप गेली" असं ऐकून लोक दोन-तीन हजार मोजतात.

माईकची गोष्ट वेगळी, तिथे गुन्हेगार आपल्या घरातलाच असतो. सिमचा ट्रे काढायची पिन घेऊन ती शेजारच्या माईकच्या भोकात खुपसणारे किमान तीन नातेवाईक हे वाचत आहेत, आणि त्यांना ठाऊक आहे मी कुणाबद्दल बोलतोय. खरंच माईक गेलाय का हे बघायचं तर व्हॉइस रेकॉर्डरवर बोलून पाहा, मग स्पीकरवर कॉल करून पाहा, मग साधा कॉल. बहुतेक फोनांत खाली एक आणि वर एक असे किमान दोन माईक असतात आणि वेगवेगळ्या कामाला वेगवेगळे वापरले जातात. तीनपैकी एकाच ठिकाणी आवाज गेला तर बोर्ड शाबूत आहे.

चार्जिंगचं तर बोलायलाच नको. खिशातला कापसाचा लोळा जॅकमध्ये ठासून बसतो, पिन पुरती आत जात नाही. आमच्या सांगलीत त्यात हळदीची भर. यार्डात काम करणाऱ्या एकाचा फोन मी पाहिला, स्पीकरची जाळी अगदी पिवळीधमक. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने साफ केला, तर चार्जिंग आणि आवाज दोन्ही परत.

यावर सर्व्हिस सेंटरवाल्यांची एक बाजू आहे आणि ती मी टाळणार नाही. तिथल्या मुलाला कंपनीने एक-एक भाग दुरुस्त करायची परवानगीच दिलेली नसते. अख्खं मॉड्युल काढायचं, अख्खं घालायचं. त्याच्याकडे बोर्डाचा नकाशा नसतो, वेळ नसतो, रोजचं टार्गेट मात्र असतं. त्यामुळे माझा राग त्या मुलावर कमी आणि त्याला असं बसवणाऱ्यांवर जास्त आहे. बाहेरच्या दुकानदाराला तर कंपनी नकाशाही देत नाही आणि अस्सल सुटा भागही देत नाही. मग तो कुठूनतरी मिळवलेल्या आकृतीवर आणि "कॉपी" मालावर काम करतो, आणि तेच दाखवून कंपनी म्हणते, बघा, बाहेर दुरुस्ती कशी निकृष्ट होते! आधी पाय बांधायचे आणि मग म्हणायचं, याला पळताच येत नाही.

याच्याही पुढची पायरी म्हणजे भागांची लग्नं लावून देणं. २०१६ मध्ये गाजलेलं 'एरर ५३' आठवतं का? आयफोन ६ चं बोटाचा ठसा ओळखणारं बटण बाहेर बदललं असेल, तर पुढच्या अपडेटनंतर अख्खा फोन वीट होऊन पडायचा. बोंबाबोंब झाल्यावर ॲपलने दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर काढलं. पण बाहेर दुरुस्ती केलीत म्हणून आमची जबाबदारी संपली, असं ग्राहकांना सांगितल्याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने २०१८ मध्ये कंपनीला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. तरी २०२१ मध्ये आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की चेहरा ओळखणं बंद पडायचं. पुन्हा ओरड, पुन्हा माघार. बोटाच्या ठशाच्या बाबतीत सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, मी मान्य करतो. तो भाग कुणीही बनावट घालून कुलूप उघडू नये. तेवढ्यापुरतं बटण बंद ठेवा ना! अख्खा फोन का मारता? अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये भागांच्या अशा जोड्या लावून दुरुस्ती अडवायला कायद्यानेच बंदी केली. युरोपात २० जून २०२५ पासून नव्या फोनांसाठी नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत.

आणि आपल्याकडे? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. हेतू चांगला. पण कंपन्यांची माहिती, वॉरंटीच्या अटी आणि सेवा केंद्रांचे पत्ते एका जागी आणले म्हणजे दुरुस्तीचा हक्क मिळाला असं होत नाही. पत्ता आत्याला आधीच माहीत होता, तिथूनच तर ती हात हलवत आली! फोन किती दुरुस्त करता येतो याचे गुण खोक्यावर छापायची कल्पना फ्रान्सने २०२१ पासून अमलात आणली. तशा गुणांकाचा आराखडा आपल्या समितीनेही २०२५ मध्ये सरकारला दिला आहे. गुण द्या जरूर, पण त्यात 'सेन्सर तपासायचं पान ग्राहकाला खुलं आहे का' याला गुण ठेवा, एवढी माझी मागणी आहे.

निदान म्हणजे काय याचा एक किस्सा मला फार आवडतो. २०१८ मध्ये शिकागोजवळच्या एका रुग्णालयात नवं एमआरआय यंत्र बसवताना चाळीसेक आयफोन आणि ॲपलची घड्याळं एकदम मेली. अँड्रॉइडवाले सुखरूप. तिथल्या संगणक विभागातल्या माणसाने चौकशी लावून धरली आणि कारण निघालं हेलियम. यंत्रातून निसटलेला हेलियम वायू फोनमधल्या घड्याळाच्या इवल्या डबीत शिरला होता. त्या माणसाने एक आयफोन हेलियम भरलेल्या पिशवीत ठेवून पाहिला, काही मिनिटांत तो थांबला. काही दिवस हवेवर राहिल्यावर त्यातले बहुतेक फोन आपोआप जिवंत झाले. आपल्याकडे हे झालं असतं तर? चाळीस बोर्ड.

खरं तर निदानाची परंपरा आपल्याला शोधायला लांब जायला नको. इथून चार-पाच किलोमीटरवर मिरजेत सतारमेकरांची दुकानं आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली त्याला दीडशे वर्षं उलटून गेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे तानपुरा बोलत नाही म्हणून नेला तर कारागीर आधी कान लावून ऐकतो. मग घोडीवर हलकं घासकाम, दोऱ्याची जागा थोडी इकडेतिकडे, जवारी खुलते. "भोपळा गेलाय, नवीन घ्या" असं तो पहिल्या वाक्यात म्हणाला तर त्याच्या दुकानात दुसऱ्यांदा कुणी पाऊल ठेवणार नाही. हाच नियम मोबाईलला लावायला आपण का लाजतो?

आणि मोबाईलमध्येही असे कारागीर आहेत, हेही सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा गावातले आमचे नातेवाईक विश्रामबागेत आमच्याकडे राहायला आले होते. चार भिजलेले फोन बरोबर. सगळे तांदळाच्या डब्यात घातलेले! (तांदूळ पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची पूड जॅकमध्ये जाते. ॲपलनेही २०२४ मध्ये असं करू नका म्हणून सांगितलं.) एका अधिकृत ठिकाणी आतली पांढरी खूणपट्टी लाल झालेली पाहून चारही फोन न बघता परत दिले. इथल्याच एका छोट्या दुकानदाराने ते उघडले, बॅटऱ्या सोडवल्या, अल्कोहोलमध्ये ब्रशने गाळ धुतला, भिंगाखाली गंज शोधला. दोन फोनांत नुसता चार्जिंगचा छोटा बोर्ड कुजला होता, साडेतीनशे रुपये एकाचे. तिसरा धुतल्यावरच सुरू झाला. चौथा गेला, आणि तो का गेला हे त्याने भिंगाखाली आम्हाला दाखवलं. चौथ्याचे पैसे त्याने घेतले नाहीत, मीच बळेबळे दिले. बघण्याचे पैसे द्यायलाच हवेत. "नुसतं बघितलं तर कसले पैसे" हे आपलं पालुपद आहे ना, त्यानेच दुकानदाराला भाग बदलायची सवय लावली आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी "बोर्ड गेलाय" ऐकलंत की भांडू नका, एवढंच विचारा: बोर्डावरचं काय गेलंय, कशावरून कळलं, आणि ते पावतीवर लिहून द्याल का? तिसऱ्या प्रश्नाला गप्प बसला तर फोन उचला आणि चालू लागा.

आणि घरच्यांसाठी खास: दिवाळीत सगळे विश्रामबागेत जमणारच आहात, फोन मी बघून देईन. येताना कव्हर आणि टफन काढून आणा. सिमची पिन मात्र कुणीही सोबत आणायची नाही.