रात्रीची गस्त आणि स्वयंसेवकाचा जीव

दिनांक २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात एका उपाहारगृहाबाहेर काही तरुण-तरुणी उभे होते. त्यांतील मुलींची छेड काढणाऱ्या इसमास त्यांच्याबरोबरच्या तरुणांनी हटकले. तो इसम निघून गेला, आणि थोड्याच वेळात साथीदारांसह शस्त्रे घेऊन परतला. भोसकल्या गेलेल्या दोघा तरुणांपैकी एकाने त्याच रात्री प्राण सोडला, दुसऱ्याने त्या महिन्याच्या ३१ तारखेस. मे २०१६ मध्ये चार आरोपींना जन्मठेप झाली. भोवतालचे बघे मदतीस धावले नाहीत, याबद्दल त्या वेळी पुष्कळ संताप व्यक्त झाला व तो रास्तच होता. परंतु त्या रात्रीत आणखी एक धडा होता, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हटकलेला माणूस निघून गेला म्हणजे प्रसंग संपला, असे समजून तेथेच उभे राहणे हे रात्रीच्या रस्त्यावर अत्यंत धोक्याचे असते.

आज या प्रसंगाचे स्मरण करण्याचे कारण असे की, रात्री शहराच्या मध्यवस्तीत गस्त घालण्याचे काम नागरिकांनी अंगावर घ्यावे, ही कल्पना आपल्याकडे वारंवार पुढे येते. गणेशोत्सव, नवरात्र, ३१ डिसेंबरची रात्र अशा वेळी मंडळांचे कार्यकर्ते, महाविद्यालयीन विद्यार्थी व निवृत्त गृहस्थ पोलिसांच्या मदतीस उभे राहतात. ‘पोलीसमित्र’ हा शब्द तर आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. या मंडळींच्या तळमळीविषयी आम्हांस आदरच आहे. पण त्यांच्या हातात शिट्टी, अंगावर चकाकणारे जाकीट आणि गळ्यात ओळखपत्र अडकविले म्हणजे सर्व सिद्धता झाली, अशी जी समजूत दिसते तीविषयी मात्र आम्हांस दोन शब्द स्पष्टपणे बोलणे प्राप्त आहे.

वस्तुतः हा प्रश्न या शहरास नवा नाही. दंगलींच्या त्या काळात ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईतच गृहरक्षक दलाची स्थापना झाली. तिच्यामागे मोरारजी देसाई होते, आणि पुढच्याच वर्षी त्या दलासाठी कायदाही करण्यात आला. स्वयंसेवकास रस्त्यावर पाठवावयाचे तर त्यास शिक्षण हवे, त्याच्यावर अधिकारी हवा आणि त्याच्या पाठीशी कायदा हवा, एवढे शहाणपण त्या पिढीने दाखविले होते. नंतर जानेवारी १९९३ मध्ये याच मुंबईत जे पहारे बसले त्यांमागे यांपैकी काहीच नव्हते. समुद्रमार्गे सशस्त्र टोळ्या येत आहेत अशा अफवांनी भल्याभल्या सुशिक्षितांची झोप उडविली, आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर हॉकीच्या काठ्या घेऊन सद्‌गृहस्थ रात्र जागवू लागले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी ती जागरणे केली असतील. भीतीने जागणारा माणूस कोणाचाही रक्षक होऊ शकत नाही, हे ते आज स्वतःच सांगतील.

भीती आणि अफवा यांच्या आहारी गेलेला पहारा कोठवर जातो, हे महाराष्ट्राने पुढे दोनदा पाहिले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारण्यात आले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने रात्री पहारा देणाऱ्या गावकऱ्यांच्या जमावाने तिघांचे प्राण घेतले. ही खेड्यांतील उदाहरणे झाली, शहरात असे होणार नाही, असे कोणी म्हणेल. अनोळखी, गरीब, परभाषिक माणूस मध्यरात्री दिसला की त्यास अडवून जाब विचारण्याची खुमखुमी शहरी माणसास कमी असते, असे मानण्यास आम्हांस तरी आधार दिसत नाही. ज्यास अडविले त्याचा जीव आणि अडविणाऱ्याचा जीव हे दोन्ही एकाच क्षणी धोक्यात येतात. म्हणून स्वयंसेवकाच्या सुरक्षिततेचा विचार करताना पहिल्याचा विचार टाळता येत नाही.

परदेशांतील अनुभव या बाबतीत बोलका आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली ‘गार्डियन एंजल्स’ नावाचे दल उभे राहिले. लाल टोप्या घातलेले हे निःशस्त्र तरुण भुयारी रेल्वेत फिरत आणि गुन्हेगारास पकडून पोलिसांच्या हवाली करीत. त्यांचा बोलबाला मोठा झाला. पण ३० डिसेंबर १९८१ रोजी शेजारच्या न्यूआर्क शहरात या दलाचा एक स्वयंसेवक मरण पावला, तो कोणा गुंडाच्या हातून नव्हे तर पोलिसाच्या गोळीने! (आरंभीच्या काही शौर्यकथा आपण बनावट रचल्या होत्या, अशी कबुली दलाच्या संस्थापकाने १९९२ साली दिली, हेही येथे नमूद करणे वावगे होणार नाही.) रात्रीच्या काळोखात, घाईच्या प्रसंगी, मित्र कोण आणि गुन्हेगार कोण हे पोलिसास टोपीवरून ओळखता येईलच असे नाही. गस्त कोठे आहे आणि तीत कोण आहेत, हे नियंत्रण कक्षास त्या घटकेस ठाऊक असणे हाच त्यावरचा उपाय होय.

याच्या उलट लंडनच्या ब्रिक्स्टन भागात २००३ साली सुरू झालेल्या ‘स्ट्रीट पास्टर्स’ या चर्चच्या स्वयंसेवकांची रीत पाहावी. शुक्रवारी-शनिवारी रात्री मद्यगृहे सुटण्याच्या वेळी हे स्त्री-पुरुष छोट्या गटांनी फिरतात. त्यांच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या असतात, थंडीसाठी चंदेरी कागदासारखी पांघरुणे असतात, आणि उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या मुलींसाठी साध्या रबरी चपला असतात. मारामारीत उडी घेणे, कोणास पकडणे ही त्यांची कामे नव्हेत. ते पोलिसांस कळवितात आणि बाजूला राहतात. चपला वाटणारे हे पहारेकरी पाहून आमच्याकडील दंडुकेबहाद्दर हसतील. हसोत. या स्वयंसेवकांस आपली हद्द आधीच ठाऊक असते, आणि त्या हद्दीनेच त्यांचे पुष्कळसे रक्षण होते.

आमच्याकडे ही हद्द कायद्यानेही बऱ्याच अंशी आखलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० अन्वये खाजगी व्यक्तीस अटक करता येते. परंतु अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा तिच्यासमक्ष घडला तर, अथवा ती व्यक्ती जाहीर झालेला गुन्हेगार असेल तरच. अटक केलेल्यास सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करणेही बंधनकारक आहे. केवळ संशयावरून कोणाची झडती घेण्याचा, त्यास कोंडून ठेवण्याचा वा चार थपडा लगावण्याचा अधिकार पोलीसमित्राच्या ओळखपत्राने मिळत नाही. उत्साहाच्या भरात असे काही केले तर दुसऱ्या दिवशी आरोपी म्हणून उभे राहण्याची पाळी त्या स्वयंसेवकावरच येईल.

मग त्याने करावे काय? एकट्याने फिरू नये. गटात निदान चौघे असावेत आणि एकाचे ऐकावे. काठी बाळगू नये, कारण काठी पाहून समोरचा चाकू काढतो. भांडण दिसताच अंतर राखून, मागे वाट मोकळी ठेवून उभे राहावे व ११२ क्रमांकास कळवावे. पळणाऱ्याच्या पाठीमागे गल्लीबोळात शिरू नये. ज्यास हटकले तो निघून गेला, तर स्वयंसेवकांनीही ती जागा सोडावी. आंबोलीची आठवण येथे ठेवावी. रक्त वा उलटी यांना हात लावण्यापूर्वी हातमोजे घालावेत, आणि स्त्रियांच्या मदतीस गटात एखादी स्त्री असावी. आणखी एक गोष्ट, जिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. मध्यरात्रीच्या रस्त्यावर चाकूइतकेच भय भरधाव मोटारीचे असते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात दोन जिवांचा जो अंत झाला तो मोटारीखालीच. रस्त्याच्या मधोमध उभे राहून वाहने थांबविण्याचा हौशी प्रकार म्हणून तत्काळ बंद झाला पाहिजे.

हे सर्व स्वयंसेवकाने पाळावे आणि शासनाने मात्र हात झटकावेत, हे चालणार नाही. छत्तीसगडमध्ये अपुऱ्या शिक्षणाच्या आदिवासी तरुणांस विशेष पोलीस अधिकारी नेमून नक्षलवाद्यांपुढे उभे करण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ च्या निकालात घटनाबाह्य ठरविली. त्या तरुणांच्या जिवाचे मोल न्यायालयाने त्यात स्पष्ट शब्दांत मांडले. आमच्या शहरांतील गस्तीची त्या रणभूमीशी तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल, हे आम्ही जाणतो. पण राज्याने नागरिकाकडून धोक्याचे काम करून घ्यावयाचे तर त्याची जबाबदारीही घ्यावी, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये विशेष पोलीस अधिकारी रीतसर नेमण्याची तरतूद आहे, आणि असा नेमलेला माणूस पोलिसाचे अधिकार व संरक्षण घेऊन रस्त्यावर उतरतो. केवळ तोंडी निरोपावर बोलाविलेल्या पोलीसमित्राच्या पाठीशी काय आहे? तो जखमी झाला तर औषधोपचार कोणी करावयाचा, काम करता करता मेला तर त्याच्या घरी कोणी काय द्यावयाचे, हे त्यास आरंभीच लेखी मिळाले पाहिजे. अपघातग्रस्तास रुग्णालयात नेणाऱ्या भल्या माणसास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. भर रस्त्यातील भांडणात जखमी झालेल्यास उचलणाऱ्याच्या वाट्यासही तसेच संरक्षण यावयास हवे.

प्रत्येक गस्तीची एक नोंदवही असावी, निघताना सही व्हावी आणि घरी पोहोचल्याचा निरोपही तीत टिपला जावा. ज्याचा निरोप आला नाही त्याच्या शोधास पहाटे तीन वाजता कोण निघणार, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर ज्या पोलीस ठाण्यापाशी वा मंडळापाशी तयार नसेल, त्याने येत्या उत्सवात एकाही पोरास गस्तीवर पाठवू नये.