टर्बोची आंघोळ

"टर्बो गेलाय साहेब, नवीनच टाकावा लागेल." जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्यांना हे वाक्य नवीन नाही. ते दरवेळी खरं असतंच असं नाही. पण त्यावर उत्तर म्हणून आपली हौशी मंडळी घरी जे उद्योग करतात, ते त्याहून वाईट. आज भांडण आहे ते दोघांशीही.

आधी गॅरेजवाला. व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोत टर्बाइनच्या चाकाभोवती छोट्या पट्ट्यांची एक रिंग असते. त्या पट्ट्या हलतात आणि धुराचा झोत कमीजास्त करतात. गाडी रोज शहरातच रेंगाळली की तिथे काजळी बसते, पट्ट्या अडकतात आणि गाडीची ओढ जाते. हा टर्बो मेलेला नाही, त्याचं नाक चोंदलंय! ते साफ होतं, आणि घरीही होतं.

आता आपण. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना टर्बो आणायचा, ओव्हन क्लीनर फवारायचा, ड्रिलला तारेचा ब्रश लावायचा आणि लखलखीत झाला की फोटो काढायचा. याला साफसफाई नाही, रंगरंगोटी म्हणतात. कॉम्प्रेसरचं चाक सहसा ॲल्युमिनियमचं असतं, आणि अशा बऱ्याच क्लीनरमधलं कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. हे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. ते जरा जरी झिजलं की बॅलन्स गेला. वाळूचा मारा तर नकोच. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्यात वाळूचे कण शिरले की बेअरिंगचं काही खरं नाही.

म्हणून धुण्याआधी तपासा. शाफ्ट पुढेमागे ओढून बघा. हाताला खेळ जाणवला, किंवा चाक हाउसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर आंघोळ रद्द. तो बॅलन्सिंग मशीन असलेल्या कारागिराकडे जाऊ दे. आडवा थोडासा खेळ चालतो, तेल नसताना तो असतोच.

पास झाला तर हाउसिंगवर जुळणीची खूण करा, मधला बेअरिंगचा भाग न खोलता गरम बाजू तेवढी काढा, रिंग डिझेलमध्ये भिजवा आणि मऊ ब्रशने काजळी सोडवा. पट्ट्यांची मर्यादा ठरवणाऱ्या स्क्रूला हात लावायचा नाही. हातमोजे घाला, कोरडी काजळी उडवू नका. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे: आधीचा टर्बो गेला कशाने? सर्व्हर रिस्टार्ट करून 'बग गेला' म्हणणारे आमच्या धंद्यात पुष्कळ. इथेही तेच. तेलाची नळी चोंदलेलीच ठेवली तर धुतलेला टर्बोही जाईल आणि कोरा करकरीत टर्बोही जाईल. सील गेलं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊ लागलं, तर ते बेफाम पळतं, चावी काढली तरी थांबत नाही. तेव्हा नळी, ऑइल आणि फिल्टर बदला, आणि स्टार्टर मारण्याआधी टर्बोत हाताने तेल घाला.

चकाकी काय, बॉनेट लावलं की कोणाला दिसत नाही. तेल पोचलं नाही तर मात्र टर्बोला लगेच कळतं, आणि मग तुमच्या खिशाला.