उणे चारशे शहाण्णव

माझ्या खात्यात उणे 496 रुपये आहेत, हे अमरावतीच्या एका बँकेच्या काउंटरवर मला कळलं. उणे! जवळ पैसा नसणं आमच्या वस्तीला ठाऊक आहे. पण नसण्याच्याही खाली एक तळघर असतं, ते बँकेनं दाखवलं.

हिशोब ऐका. खात्यात होते 212. किमान शिल्लक नाही म्हणून तिमाहीला 300 दंड, वर 54 जीएसटी. दोन तिमाह्यांचे 708. मी एक पैसा उचलला नाही, उधार मागितला नाही, तरी कर्जदार झालो. मग बाबासाहेबांच्या नावाच्या स्वाधार योजनेचे पैसे आले. खोलीभाड्याचे. बँकेनं आधी आपला घास घेतला, उरलेलं मला.

माय अकोल्याच्या दालमिलमध्ये राबते. फोनवर म्हणे, "बापा, आपुन त काही उचललंच नाही, मंग कापले काहून?" अख्ख्या शाखेजवळ याचं उत्तर नव्हतं. साहेब म्हणाला, "सिस्टीम कापते." वा रे सिस्टीम! पूर्वी आपल्या भोगाला गेल्या जन्माचं कर्म जबाबदार असे, आता संगणक. माणूस कधीच जबाबदार नाही.

मालकाचं खातं उण्यात गेलं तर त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. मर्यादा ठरवून, सही घेऊन, चहा पाजून. आपलं गेलं की दंड. जनधन खात्यावर 10,000 रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय कागदावर आहे. ती मिळालेला माणूस आमच्या गल्लीत मला अजून भेटायचा आहे.

आता नियम वाचा. रिझर्व्ह बँकेचं 20 नोव्हेंबर 2014 चं परिपत्रक, 1 एप्रिल 2015 पासून लागू. शिल्लक कमी पडली तर खातेदाराला आधी कळवा. निदान महिनाभर मुदत द्या. जेवढी तूट, त्या प्रमाणात दंड घ्या. आणि निव्वळ या दंडापायी बचत खातं उण्यात नेऊ नका. म्हणजे माझं 'उणे' हेच नियमाबाहेरचं.

आणि मी एकटा नाही. 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या दंडापोटी जवळपास 8,500 कोटी रुपये गोळा केले. आकडा सरकारनंच संसदेत दिला. कुणाकडून गोळा केले? ज्यांच्याजवळ नव्हते त्यांच्याकडून, नव्हते म्हणून! स्टेट बँकेनं 2020 साली हा दंड बंद केला, 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी. बुडाल्या का त्या? मग बाकीच्यांना तो काहून पाहिजे?

दोस्तहो, दोष आपलाही आहे. मी दोन महिने लाजेनं गप्प होतो. गरिबी म्हणजे जणू माझाच गुन्हा. शेवटी खोलीत बोललो तर तिघांपैकी दोघांचे असेच कापलेले. इर्विन चौकात पुतळ्यापुढं घसा फाडणारे आपण काउंटरपुढं मांजर होतो. ज्यांच्या बापानं 1923 साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापला, त्या पोरांना स्वतःचं पासबुक वाचता येऊ नये?

1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकाराची कर्जखतं जाळली. आपण जाळायचं नाही. पासबुक हा आपला पुरावा आहे, त्याच्या झेरॉक्स काढायच्या. लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं. तक्रारीला पैसा लागत नाही. आणि साधं बचत खातं बदलून मूलभूत बचत खातं मागायचं. त्याला किमान शिल्लक लागत नाही. ही मेहरबानी नाही, नियम आहे.

मी अर्ज दिला. 496 परत आले. माफीचा शब्द आला नाही. उरलेल्या 212 साठी दुसरा अर्ज टाकला आहे. कोणी म्हणतं, दोनशे रुपयांसाठी एवढं? हो, एवढंच. दालमिलमध्ये ते कसे मिळतात, हे मायला विचारा.

येत्या रविवारी आपापली पासबुकं घेऊन या. सोबत बसून वाचू.

जय भीम.