सुटींतील प्रवास : भक्तपूर आणि चांगूचा डोंगर

परीक्षा आटोपल्या कीं घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात, आणि अलीकडे त्या बेतांत नेपाळचें नांव वारंवार ऐकूं येतें. आपलीं मराठी कुटुंबें तेथें जातात तीं बहुधा पशुपतिनाथाचें दर्शन घेतात, काठमांडूच्या बाजारांत एक दिवस घालवितात, आकाश निरभ्र असलें तर विमानांतून हिमशिखरें पाहतात, आणि चौथ्या दिवशीं परत फिरतात. यांत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु एवढ्या दूर जाऊन भक्तपूर अर्ध्या दिवसांत उरकणें, हें मात्र पंगतीला बसून केवळ मीठ-लिंबू चाखून उठण्यासारखें आहे. निदान दोन रात्री त्या शहरांत मुक्काम करावा, अशी माझी वाचकांस आग्रहाची सूचना आहे.

काठमांडूपासून पूर्वेस सुमारें १३ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीहून सुमारें ४,६०० फूट उंचीवर, हें नेवार लोकांचें जुनें नगर वसलें आहे. १४८२ मध्यें यक्षमल्ल राजा निवर्तल्यावर पुत्रांत राज्याची वांटणी झाली, आणि पुढें कांतिपूर, ललितपूर व भक्तपूर अशीं तीन राज्यें एकाच खोऱ्यांत, एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यांत, जवळजवळ तीनशें वर्षें नांदलीं. नांदलीं म्हणण्यापेक्षां भांडलीं म्हणणें अधिक यथार्थ होईल. मात्र या भाऊबंदकीचा एक लाभ झाला. एकानें देऊळ बांधिलें कीं दुसऱ्यानें त्याहून सुंदर बांधावें, अशी ईर्ष्या उत्पन्न झाली. आपल्याकडे वाटणीच्या भांडणांतून भिंतीखेरीज दुसरें कांहीं उभें राहिल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. अखेरीस १७६९ मध्यें गोरख्याच्या पृथ्वीनारायण शाहानें भक्तपूर घेतलें व हा खेळ संपला.

राजवाड्याच्या चौकांतील पंचावन्न खिडक्यांची माडी व रणजितमल्लाचें सुवर्णद्वार यांचीं चित्रें वाचकांनीं पाहिलीं असतीलच, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाहीं. पण न्यातपोल या पांच छपरांच्या देवळासमोर सावकाश बसावें. भूपतींद्रमल्लानें तें १७०२ मध्यें बांधविलें. पांच थरांच्या जोत्यावर चढणाऱ्या पायऱ्यांच्या दोहों बाजूंस रक्षक बसविले आहेत : तळाशीं जयमल व फत्ता हे मल्ल, त्यांवर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, आणि सर्वांवर व्याघ्रिणी व सिंहिणी या देवता. खालच्यापेक्षां वरचा दसपट बलवान, असा हिशेब तेथील लोक सांगतात. आंत सिद्धिलक्ष्मीची मूर्ति आहे. पण तिचें दर्शन पुजाऱ्यांवांचून कोणास होत नाहीं. १९३४ च्या व २०१५ च्या, दोन्ही भूकंपांत हें उंच देऊळ उभें राहिलें. २०१५ च्या एप्रिलांत नेपाळांत सुमारें नऊ हजार माणसें दगावलीं, याच शहरांत कित्येक घरें जमीनदोस्त झालीं, आणि राजवाड्यासमोरील वत्सलादेवीचें पाषाणाचें देऊळ पार कोसळलें. तें आतां पुन्हां बांधून काढिलें आहे. रुंद जोतें, वर निमुळतें होत जाणारें अंग आणि धक्का बसतांच थोडें हलून सांवरणारे लाकडाचे सांधे, हें न्यातपोलच्या टिकण्याचें कारण असावें. आमच्या जुन्या वाड्यांचे सुतारही हें मर्म जाणत होते.

आपल्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचें स्थळ म्हणजे शहराच्या पूर्वभागांतील दत्तात्रेयाचें देऊळ. गाणगापूर व नरसोबाची वाडी यांच्या वाऱ्या करणाऱ्यांस हिमालयाच्या कुशींत दत्तमहाराज भेटावेत, याचा आनंद मी काय वर्णावा ! यक्षमल्लाच्या काळचें हें देऊळ एकाच वृक्षाच्या लाकडाचें आहे, अशी दंतकथा आहे. शेजारच्या पुजारी मठाच्या भिंतींत मोराचा पिसारा कोरलेली ती प्रसिद्ध खिडकी आहे. तेथील गल्लींतून जातां-येतां वृद्ध स्त्रिया काळ्या अंगाचें, तांबड्या कांठाचें लुगडें नेसलेल्या दिसतात. त्यास ‘हाकु पटासी’ म्हणतात. पण माझ्या बरोबरच्या मंडळींनीं पाहतांक्षणींच त्यास चंद्रकळा ठरविलें. कुंभारवाड्याच्या चौकांत मडकीं उन्हांत वाळत घातलेलीं असतात, आणि मातीच्या भांड्यांतच विरजलेलें म्हशीच्या दुधाचें दाट, गोडसर दहीं, ज्यास तेथें ‘जुजु धौ’ म्हणजे दह्यांचा राजा म्हणतात, तें दुकानोदुकानीं मिळतें. मुलांनीं तें दोन वेळां मागून घेतलें. थोरांनींही संकोच केला नाहीं.

आतां ज्यासाठीं मुख्यतः लेखणी उचलली, त्याकडे वळतों.

भक्तपुराच्या उत्तरेस सुमारें सहा किलोमीटरांवर एका डोंगराच्या सोंडेवर चांगुनारायणाचें मंदिर आहे. सध्यांची दोन छपरांची इमारत त्या मानानें अलीकडची. परंतु आवारांतील विश्वरूप, त्रिविक्रम, नरसिंह यांच्या मूर्ति फार प्राचीन आहेत, आणि दारासमोर गुडघा टेकून, हात जोडून बसलेला मानवी मुखाचा गरुड पाहून हात आपोआप जोडले जातात. त्याच्याजवळच मानदेव राजाचा शिलास्तंभ आहे. लेख संस्कृत, लिपि गुप्तकालीन, वर्ष शके ३८६, म्हणजे इसवी सन ४६४; मिति ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा. मुंबईस राहून विद्याव्यासंग करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८० मध्यें नेपाळचे तेवीस लेख प्रसिद्ध केले, त्यांत हा पहिला. ती लिपि आम्हां देवनागरी वाचणारांस उलगडत नाहीं. म्हणून मीं घरूनच छापील पाठ बरोबर नेला होता. आरंभीं शार्दूलविक्रीडितांत विष्णूचें स्तवन आहे. पुढें जें आहे, तें स्तुतिपाठकाच्या नेहमींच्या सांच्यांतलें नाहीं.

मानदेवाचा पिता धर्मदेव अकस्मात् निवर्तला. राणी राज्यवती पुत्रास म्हणते कीं, तूं राज्य कर, मी तुझ्या पित्यामागून जातें. पुत्र तिचे पाय धरतो आणि सांगतो कीं, तूं गेलीस तर तुझ्याआधीं मीच प्राण सोडीन. राणी थांबते. कवि तिला पाशांत सांपडलेल्या पक्षिणीची उपमा देतो. मग मायलेकरें मिळून उत्तरक्रिया करतात, आणि त्यानंतर राजा पूर्वेस व पश्चिमेस गंडकीपार स्वारीस निघतो. दिग्विजयाच्या लेखांत आईच्या अश्रूंस इतकी जागा दिलेली मीं अन्यत्र पाहिली नाहीं. या लेखानंतर ४६ वर्षांनीं, सन ५१० मध्यें, मध्यप्रदेशांतील एरण येथील स्तंभावर गोपराज नांवाच्या वीराची पत्नी त्याच्यामागें अग्नींत शिरल्याचें नमूद आहे. एक स्तंभ थांबलेलीचा, दुसरा गेलेलीचा. आमच्याकडे कायद्यानें ही चाल १८२९ मध्यें बंद झाली. नेपाळांत १९२० मध्यें.

हें सर्व मीं स्तंभापाशीं उभें राहून मंडळींस समजावून सांगितलें. नातवंडांनीं, राजा जिंकला कीं नाहीं, एवढें विचारलें. आमच्या थोरल्या अक्का मात्र गरुडाच्या बाजूच्या कट्ट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांस वयाच्या चोविसाव्या वर्षीं वैधव्य आलें, मूलबाळ नाहीं, तेव्हांपासून आमच्या घरांतील चार पिढ्यांचें बाळंतपण व दुखणीं-भाणीं त्यांनींच काढिलीं. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, “अरे, मुलानें पाय धरले म्हणून ती राहिली. ज्यांना मूलच नव्हतें, त्यांचे पाय कोणीं धरायचे ?”

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. सूनबाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मग अक्कांनींच विचारलें, “आणि ती राणी पुढें जगली का ?” याचें उत्तर मात्र मला देतां आलें. तीन वर्षांनीं, सन ४६७ मध्यें, याच मानदेवानें आईच्या पुण्यवृद्धीसाठीं त्रिविक्रमाची मूर्ति स्थापिली. तिच्यावरील लेखांत राज्यवतीचें नांव आहे. “म्हणजे मुलानें नांव तरी ठेवलें,” असें म्हणून अक्का उठल्या व देवळाला पुन्हां एक प्रदक्षिणा घालून आल्या.

परततांना मोटार सोडून उतरणीच्या पाऊलवाटेनें चालावें. दोहों बाजूंस पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें, अधूनमधून विटांचीं घरें, आणि खांद्यावरील काठीच्या दोन टोकांस टोपल्या लावून भाजी नेणारे शेतकरी. यास ते ‘खर्पन’ म्हणतात. आपल्या कावडीचें हें भावंडच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठीं मोटाररस्ता आहे. आमच्या अक्का मात्र चालतच उतरल्या.

जाण्यास आश्विन-कार्तिक उत्तम. पावसाळा संपून हवा स्वच्छ झालेली असते व उत्तरेकडील हिमशिखरें दिसतात. चैत्राच्या सुमारास गेल्यास एप्रिलाच्या मध्यास बिस्केट यात्रेंत भैरवाचा रथ ओढतांना पाहण्यास मिळेल. मात्र गर्दींत मुलांचे हात सोडूं नयेत. विमानानें जाणारांनीं पारपत्र किंवा मतदाराचें ओळखपत्र बरोबर घ्यावें. तेथील घड्याळ आपल्यापुढें पंधरा मिनिटें असतें, तेवढें परतीच्या दिवशीं ध्यानांत ठेवावें.