बाटलीला गुण द्यावेत कसे?

फराळाचे ताट पुढे आले की पुणेकर माणूस परीक्षक होतो. चकली मोडून तो आधी आवाज ऐकतो, मग तोंडात टाकतो आणि म्हणतो, "मोहन जरा जास्त झाले." अनारशाला जाळी पडली आहे की नाही, हे त्याने दुरूनच पाहून ठेवलेले असते. पण याच माणसापुढे वाइनचा पेला ठेवा, तो गडबडतो. बाटली फिरवून देश पाहतो, किंमत पाहतो आणि मग आपल्याला काय वाटायला हवे ते ठरवतो.

ज्या घरात द्राक्षासवाखेरीज द्राक्षाची दुसरी बाटली कधी आली नाही, त्यांनी हे पान उलटले तरी आमचा राग नाही. वाइनमध्ये शेकडा बारा-चौदा भाग मद्यार्क असतो. तिला उगाच औषध म्हणू नये. पण ज्या घरी ती येते, त्यांनी तिची पारख तरी धड करावी. कारण ती आता आपल्याच मुलखात होते. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला श्याम चौगुले यांनी १९८० च्या दशकात शँपेनच्या धर्तीची फेसाळ वाइन काढली आणि परदेशी पाठवली. तो कारखाना पुढे टिकला नाही. पण वाट पडली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले. नंतर अकलूजजवळ, उसाच्या ऐन मुलखात, 'फ्रातेल्ली'च्या वेली लागल्या. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून हा उद्योग उभारला.

पारखीची पहिली अट एकच : बाटली झाका. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावे झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत आणि तांबड्यांत, दोन्हीकडे पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला! नावे दिसत असती तर असे घडते ना. याच स्परियर यांनी पुढे फ्रातेल्लीच्या पिएरो मासी यांच्या जोडीने अकलूजच्या द्राक्षांची 'एम/एस' ही वाइन काढली.

आता गुण. अमेरिकेत शंभरांपैकी गुण देण्याची एक प्रसिद्ध पद्धत आहे. तिच्यात मोजणी पन्नासापासूनच सुरू होते. म्हणजे निम्मे गुण हजेरीचेच! त्यापेक्षा घरगुती वीस बरे. रंगाला तीन, वासाला सहा, चवीला सात आणि घोट गेल्यावर मागे काय राहते, त्याला चार. जिभेला नवे काही शिकवावे लागत नाही. आंबट असेल तर कोकमाच्या साराप्रमाणे तोंडाला पाणी सुटते. तुरट असेल तर जांभळे खाल्ल्यासारखी जीभ कोरडी पडते. तांबड्या वाइनमध्ये हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीबियांतून येतो. पांढरी बहुधा नुसत्या रसाची, म्हणून ती मवाळ. आंबट, तुरट आणि गोड यांनी एकमेकांना सांभाळून घेतले की वाइन जमली. आमटीचेही तेच नाही का? एक सूचना : तांबडी वाइन घरच्या हवेवर प्यावी, हा सल्ला थंड देशांतला आहे. आपल्याकडे ती अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी.

परवा आम्ही सहाजणांनी अशी परीक्षा घेतली. आपल्याच भागातल्या एका छोट्या कारखान्याच्या तीन बाटल्या आणि एक फ्रेंच, चारही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. गुणपत्रक एका निवृत्त गणित-शिक्षकांच्या हाती. जाणकार पिकदाणीत थुंकतात, तशी एक पिकदाणीही ठेवली होती. पहिली पांढरी, सोव्हिन्यों ब्लाँ : पेरूचा आणि हिरव्या मिरचीचा वास, लखलखीत आंबटपणा, चौदा गुण. दुसरी शेनँ ब्लाँ : गोडसर, पण पाठीमागे काही उरले नाही, अकरा. तिसरी तांबडी शिराझ : रंग जांभळाचा, वास मात्र उन्हात तापलेल्या मुरंब्याचा, नऊ. चौथीला तेरा.

कागद काढल्यावर खरी गंमत. चौथी फ्रेंच निघताच एकजण म्हणाले, "तरीच! खोली जाणवत होतीच." त्यांच्याच हातचे गुण होते बारा. आणि शिराझ आपल्याकडची आहे हे कळताच दुसरे म्हणाले, "आपलाच माणूस आहे हो, बारा करून टाका." मास्तरांनी पेन खिशात ठेवले. "पेपर तपासून झाल्यावर गुण वाढवत नसतात," एवढेच म्हणाले.

मास्तरांचे बरोबर होते. आपले म्हणून कौतुक आणि आपले म्हणून नाक मुरडणे, या दोन्हींत वाइन चाखलेलीच नसते. वाइनची द्राक्षे आपल्याकडे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चढले की साखर भराभर वाढते आणि आंबटपणा ओसरतो. तोडणी चार दिवस लांबली तरी वाइन बसकी होते. तोडणी चुकली, बाटली दुकानाच्या काचेत तापली की द्राक्षच मुळात हलके, हे शेतकऱ्याला आणि कारखानदाराला कोण सांगणार? नऊला बारा देणारा नव्हे. आणि चौदा मिळवणाऱ्याला परदेशी चिठ्ठी नाही म्हणून दहावर बसवणाराही नव्हे.

दिवाळीच्या आगेमागे द्राक्षबागांत गोडी छाटणी होते. माळी हळव्या मनाने कात्री चालवत नाही. पुढचा घड कोणत्या डोळ्यावर धरेल, ते पाहून फांदी कापतो. गुण देताना आपलीही कात्री तशीच चालावी.